पायरी अकरावी

मल्हारगंजात, शेवेच्या दुकानाच्या डोक्यावर
आमची संस्था. बावीस पायऱ्या.
लवंगशेवेचा घाणा पडला की वास वर येतो,
मुलांच्या फायलींनाही तोच लागलाय.
मी हिशेब ठेवते. कोण आलं, किती वाजता,
कुठल्या ताईंकडे, कुठल्या खोलीत.
उपचाराशी माझा संबंध एवढाच
की पावतीवरचा शिक्का मी मारते.

निनाद पोतनीस, वय सात.
पहिल्या दिवशी अकराव्या पायरीवर थांबला.
वर येईना, खाली जाईना.
भिंतीचा पोपडा नखाने उकलत बसला.
आईने लाडीगोडी लावली,
मग धपाटा उगारला,
मग माझ्याकडे बघून तोच हात
केसांवरून फिरवला, स्वतःच्या.

सीमंतिनीताईंनी हाक मारली नाही.
ठोकळ्यांचा डबा घेतला
आणि बाराव्या पायरीवर जाऊन बसल्या,
भिंतीकडे तोंड करून,
सिटी बसमध्ये अनोळखी बाई बसते तशा.
एक ठोकळा खाली सरकवायच्या.
तो परत यायचा.
किंवा नाही यायचा.
चाळीस मिनिटं.

संध्याकाळी मी रकाना भरला:
स्थळ – जिना, पायरी अकरावी.

देणगीदारांकडून तपासणीला गृहस्थ आले.
त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.
"हे काय?"
"जिना."
"पण आम्ही खोलीचं भाडं देतो."
"जिना भाड्यातच येतो हो," मी म्हटलं.
ते हसले नाहीत. चहा मात्र घेतला,
आणि जाताना अकराव्या पायरीवर
उगाच पाय जपून टाकला.

दिवाळीला तेरावी. संक्रांतीला सतरावी.
एका शुक्रवारी तर त्याने
आमच्या दाराची कडी वाजवली
आणि पळून गेला.

मग रंगपंचमी.
गेर आमच्याच रस्त्याने जाते.
ढोल, भोंगे, तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणारा रंग,
सगळं इंदूर रस्त्यावर आणि सगळं खूश.
दोन गल्ल्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली
निनाद दोन्ही कान दाबून, दुपारभर.
मंगळवारी आला तो चौथ्या पायरीवर थांबला.

प्रगतीचा तक्ता आता संगणकावर भरायचा असतो.
तो विचारतो: किती टक्के वाढ?
सतरातून चार गेले, हे त्याला कळत नाही.
मी शून्य टाकलं.
सीमंतिनीताई म्हणाल्या, "शून्य नको लिहूस.
कान दाबायचं त्याला स्वतःला सुचलं.
मागच्या वर्षी डोकं आपटलं होतं."
त्यासाठी रकाना कुठे आहे, मी विचारलं.
त्या ठोकळे गोळा करत राहिल्या.

आणखी एक माणूस, ज्याची नोंद नाही.
वडील. खाली मॅजिक लावून बसायचे,
इंजिन चालू, तोंडावर रुमाल.
वर काय आहे ते गल्लीला ठाऊक,
आणि गल्लीत त्यांचा साडू राहतो.
कुणी दिसलं की उतरून पाव किलो शेव घ्यायचे.
दर मंगळवारी. दर शुक्रवारी.
"घरात डबे उरले नाहीत हो," वहिनी म्हणाल्या,
"आता पिंपात भरते."

त्या मंगळवारी चौथ्या पायरीवरून
ठोकळा निसटला.
टप टप करत उंबऱ्यापर्यंत गेला.
पोराने त्याच्याकडे पाहिलं. ताईंनी पाहिलं.
कुणी उठलं नाही.
मी वरून रेलिंगला ओणवी,
हातात शिक्का तसाच.

बाहेरची घरघर थांबली.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
जिन्यात तळणीचा आवाज ऐकू आला.
ते आत आले, ठोकळा उचलला,
पँटला पुसला,
आणि कुठे बसावं ते न कळून
तिसऱ्या पायरीवर बसले. पाठ पोराकडे.
ताईंसारखीच.
कधी बघून ठेवलं होतं, कोण जाणे.
ठोकळा मागे सरकवला.

परत आला की नाही,
मला वरून दिसलं नाही.

लाभार्थी या रकान्यात एकच आकडा बसतो.
एकाचे दोन केले तर तपासणीत अडकतं.
म्हणून समासात, पेन्सिलीने, बारीक:
वडील. पायरी तिसरी. गाडी बंद.